विमानकाकांची तिथी

आमच्या घरी सर्वपित्रीला एक पान जास्त मांडतात. ते विमानकाकांचं. विमानकाका म्हणजे बाबांचे सख्खे काका, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात विमान पडून गेले, लग्न झालेलं नव्हतं, वय तेवीस, आणि नेमके कधी गेले हे घरात कुणालाच माहीत नाही म्हणून अमावस्येला. लहानपणी मला वाटायचं ते विमानातूनच जेवायला येतात.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार, सर्वपित्री. आमचे नेहमीचे भटजी गुडघ्यांमुळे हल्ली येत नाहीत, त्यांच्याऐवजी एक तरुण भटजी आले होते. त्यांनी सहज विचारलं, हे कशाने गेले? बाबांनी सांगितलं. तर ते म्हणाले, मग यांचं म्हाळ घातचतुर्दशीला व्हायला हवं, कालच झाली ती, आणि वर्षश्राद्ध तिथीला. तिथी कुठली? बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर मात्र माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तारीख मेळटा काय पळय गो." म्हणजे तारीख मिळते का बघ.

तिथून सुरू झालं ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मी डिचोलीहून रोज पणजीला जाऊन अकाउंट्सचं काम करणारी बाई. पण गोव्यातल्या आणि कोकणातल्या बऱ्याच घरांत असा एखादा "युद्धात गेलेला" माणूस असतो, त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय, जमेल तसं.

पहिली गोष्ट, घर शोधा. इंटरनेट नंतर. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पत्र आहे हे बाबांना माहीत होतं पण कुठल्या ट्रंकेत ते नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या ट्रंका खाली काढल्या आणि ते सापडलं आजोबांच्या एलआयसीच्या पॉलिसींमध्ये. का, तर पत्रावर नावाआधी एल.ए.सी. असं टाइप केलंय आणि कुणीतरी हुशार माणसाने ते एलआयसीचं समजून तिथे लावून ठेवलेलं. एल.ए.सी. म्हणजे लीडिंग एअरक्राफ्टमन, हवाई दलातला साधा हुद्दा, ऑफिसरचा नाही, हे मला नंतर कळलं. पत्र इंग्रजीत, त्यांच्या तुकडीच्या ऑफिसरने लिहिलेलं. डाव्या बाजूने वाळवीने खाल्लेलं. शिल्लक काय, तर सर्व्हिस नंबर पण शेवटचे दोन आकडे गेलेले, "डाकोटा विमानातून प्रवासी म्हणून", "खराब हवामान", "बेपत्ता", आणि तारखेच्या जागी फक्त "...गस्ट १९४४". दिवस वाळवीच्या पोटात.

पत्राचं पाकीट गिरगावातल्या एका खानावळीच्या पत्त्यावर आलेलं, तिथून कुणीतरी गावी येताना घेऊन आला असणार. कारण तेव्हा गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल युद्धात नव्हता. आपल्याकडे युद्ध आलंच नाही असं जुनी माणसं म्हणायची. तसं अगदीच नाही, मार्च १९४३ मध्ये मुरगावच्या बंदरात एरेनफेल्स वगैरे जर्मन जहाजं पेटली ती ब्रिटिशांनी गुपचूप केलेल्या हल्ल्यामुळेच. पण डिचोलीत बसलेल्या माझ्या पणजीला युद्ध चाललेले ब्रह्मदेश आणि इंफाळ कुठे आहेत हे कोण सांगणार होतं. मुलगा बेळगावला शिकायला गेला, तिथून मुंबईला, तिथून एअरफोर्समध्ये, आणि मग हे पत्र.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कळलं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे (पुढे नुसतं कमिशन म्हणते), १९१७ पासूनची, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सतरा लाख माणसांची नावं त्यांच्याकडे आहेत, त्यात अविभाजित हिंदुस्तानचे सैनिकही, आणि साइटवर कुणीही फुकट शोधू शकतं. मी रात्री अकरा वाजता मोठ्या उत्साहाने आडनाव टाकलं, नाईक. पानंच्या पानं आली. सगळे पायदळातले, कुणीच आमचे नाहीत. त्यात नाईक हा लष्करातला हुद्दासुद्धा आहे. परदेशातल्या एका संस्थेला ईमेल केली तर त्यांनी महिनाभराने उत्तर पाठवलं की हुद्दा कळला, आता कृपया आडनाव कळवा! मी आणि बाबा इतके हसलो, पण तो महिना वाया गेला तो गेलाच.

तर टिप अशी, आडनावावर अडून बसू नका. स्पेलिंगची खात्री नसेल तर तो रकाना रिकामाच ठेवा आणि बाकीचे फिल्टर लावा. मी एअर फोर्स, इंडियन, आणि तारीख १ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट १९४४ असं लावलं आणि यादी एकदम छोटी झाली, एका बैठकीत वाचून होईल एवढी. एकेक नाव उघडून नंबर बघत गेले. ११ जानेवारी २०२४ च्या रात्री सापडले. पत्रातले शिल्लक आकडे जसेच्या तसे, हुद्दा तोच. आडनाव नाईक नाही, नायक. मृत्यू ११ ऑगस्ट १९४४. सिंगापूर मेमोरियल.

बाबांना उठवलं नाही. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "सिंगापूर कशाक?"

त्याचं उत्तर असं आहे की दक्षिण आणि पूर्व आशियात, आसपासच्या समुद्रांवर जे हवाई दलातले लोक मेले आणि ज्यांचं थडगं किंवा दहनाची जागा माहीत नाही, त्या सगळ्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत, मग ते पडले कुठेही असोत. म्हणजे सिंगापूर मेमोरियल लिहिलंय ह्याचा अर्थच हा की काही सापडलं नाही. हे बाबांना सांगताना मी थोडी थांबले. ते म्हणाले, आईला (म्हणजे माझ्या आजीला) वाटायचं तो कुठेतरी जिवंत आहे, बर्मात लग्न करून राहिला असेल.

पण हाच आपला माणूस कशावरून? नायक दुसरे कुणी असले तर? बाबांना पटलं होतं, मला अकाउंट्सवालीला नाही. मग मी एक युक्ती केली जी कुणी शिकवली नव्हती आणि जी तुम्हीही करू शकता. आडनाव, देश सगळं काढून टाकून फक्त एअर फोर्स आणि ११ ऑगस्ट १९४४ एवढंच ठेवलं. त्या दिवशी गेलेले, सिंगापूर मेमोरियलवरच असलेले चौघे ब्रिटिश हवाई दलाच्या एकाच स्क्वाड्रनचे निघाले. चौघे म्हणजे डाकोटाचा क्रू. स्क्वाड्रनचा नंबर त्यांच्या नावांपुढे होता. त्या नंबराने लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर एआयआर २७ ह्या मालिकेत शोधायचं, त्यात स्क्वाड्रनच्या रोजनिशा आहेत, महिन्यामहिन्याच्या. फुकटात खातं उघडलं की डाउनलोडही फुकट. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा सारांश आणि फॉर्म ५४१ म्हणजे कुठलं विमान, कोण क्रू, किती वाजता उडालं, किती वाजता आलं. फाइल जड असते, आमच्या गावच्या नेटवर तीनदा तुटली, शेवटी ऑफिसात लंच टाइममध्ये उतरवली.

टाइपरायटरने लिहिलेल्या दोनच ओळी. सकाळी उडालं. डोंगरांवर ढग दाट. परत आलं नाही. क्रू चार, आणि प्रवाशांमध्ये इंडियन एअर फोर्सचा एक एल.ए.सी. नाव नाही. उतरण्याच्या वेळेचा रकाना कोरा. मी आयुष्यभर कोरे रकाने बघितलेत, व्हाउचरमधले, पण हा बघवेना. त्याच महिन्यात इतर दिवशीही अशीच पावसाची, ढगांची रड आहे त्या रोजनिशीत. पावसाळ्यात रस्ते वाहून गेल्यावर सैन्याला सगळं सामान विमानानेच जायचं आणि तेही त्या डोंगरांवरून, त्यामुळे बंदुकीच्या गोळीइतकीच भीती ढगांची.

तिथी मिळाली होती, खरं तर इथेच थांबायला हरकत नव्हती. पण कमिशनच्या पानावर इतरांच्या नावाखाली "अमुकचा मुलगा, अमुक गावचा" असं लिहिलेलं असतं आणि विमानकाकांच्या नावाखाली काहीच नव्हतं. बाबांना ते लागलं. शिवाय आडनाव चुकलेलं. ते म्हणाले, दुरुस्त करून घेऊया.

दुरुस्ती फुकट असते. साइटवर फॉर्म आहे, त्यात काय बदलायचं ते लिहायचं आणि पुरावा जोडायचा. पण तेव्हाचा कागद हवा, आत्ताचं अ‍ॅफिडेव्हिट एकटं पुरत नाही. म्हणजे जन्माचा दाखला. पोर्तुगीज काळातला. इथे माझे फेब्रुवारी ते जुलै २०२४ गेले.

एका ऑफिसात सांगितलं, एवढं जुनं पुस्तक आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे सांगितलं, असेंतु नंबर आणा, म्हणजे पुस्तकातल्या नोंदीचा नंबर. तो माहीत असता तर मी आले कशाला असते! खिडकीमागच्या बाईंना ते पटलं पण नियम तो नियम. तिसऱ्या फेरीला एका शिपायाने कानमंत्र दिला की आजोबांच्या दाखल्यावर जे पुस्तक आहे त्याच्या पुढच्या तीनचार वर्षांत बघायला सांगा, भावंडं जवळजवळच असतात. आणि मुलाच्या नावाने शोधू नका, बापाच्या नावाने शोधा. शेवटी पणजीत जुन्या नोंदींच्या पुस्तकात सापडलं, १९२१ सालचं. आडनाव पोर्तुगीज पद्धतीने, शेवटी क्यू, यू, ई लावून. त्यात आपण नाईक असूनही वाचताना "नाइके" वाटतो. गोव्यातल्या लोकांना हे नवीन नाही, शंकरचा एक्सने सुरू होणारा शेंकोर झालेला असतो, प्रभूचे पोरोब झालेले असतात, तेव्हा शोधताना आधी पोर्तुगीज स्पेलिंग कागदावर लिहून घ्या आणि मगच खिडकीवर जा.

एकूण सात फेऱ्या. दाखल्याची फी किरकोळ, पोर्तुगीजमधून इंग्रजी भाषांतराचे १,२००, नोटरी आणि झेरॉक्स मिळून ६०० च्या आसपास. अर्ध्या दिवसाच्या रजा सात, त्या वेगळ्या. एकदा तर भर पावसात स्कूटर बंद पडली आणि मी फाइल पोटाशी धरून बसस्टॉपवर रडले, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये फॉर्म भरला, नायकचं नाईक करा, आईवडिलांची नावं घाला. पाठवला. आणि मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली.

चवथीला आमच्याकडे सगळे जमतात. साखळीहून आतेआजी आली, विमानकाकांची सगळ्यात धाकटी बहीण, तेव्हा एक्याण्णव वर्षांची, डोळे अधू पण जीभ तिखट. ती दोन वर्षं चवथीला येऊ शकली नव्हती, आणि मी मूर्ख, तिला साधा फोन करून काही विचारलं नव्हतं. हीच माझी सगळ्यात मोठी चूक. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आधी गाठा, ट्रंकसुद्धा नंतर.

मी तिला मोबाइलवर ते पान दाखवलं, वाचून दाखवलं, म्हटलं आपले पायलट काका. ती म्हणाली, "तो पायलट बी कांय नाशिल्लो गो. तो मशिनां दुरुस्त करतालो." फिटर होते. शेजारच्या भाटकाराचा (जमीनदाराचा) ग्रामोफोन मोडला होता तो त्यांनी दहावीत असताना उघडून परत बसवला होता, आणि तिच्यासाठी डब्याच्या पत्र्याची चिमणी केली होती जी दोरी ओढली की पंख हलवायची. घरात पायलट कुणी केलं त्यांना? तीच हसली, म्हणाली, आईने. इंजिनाला हात काळे करतो म्हणून सांगायला तिला बरं वाटायचं नाही. ऐंशी वर्षं आम्ही सगळे तेच सांगत आलो. मला कबूल करायला पाहिजे, क्षणभर मलाही जरा खट्टू वाटलं, पायलट ऐकायला बरं होतं. मग त्या ग्रामोफोनची गोष्ट मी तिला परत सांगायला लावली.

तिच्याकडे फोटो होता. खाकी गणवेश, तिरकी टोपी, कान मोठे, अगदी बाबांचे कान. मागे शाईने इंग्रजीत सही. आडनाव वाय घालून लिहिलेलं. नायक.

म्हणजे कुणी चूक केलीच नव्हती. मुंबईत का एअरफोर्समध्ये कुठे ते त्यांनी स्वतःच तसं लिहायला सुरुवात केली असणार, का ते आतेआजीलाही माहीत नाही. बाबा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, मग राहू दे. त्याचं नाव तो सांगेल तेच. मी दुसऱ्या दिवशी कमिशनला ईमेल करून आडनावाची दुरुस्ती मागे घेतली, फोटोची दोन्ही बाजूंची स्कॅन पाठवली आणि फक्त आईवडिलांची नावं आणि "डिचोली, गोवा" एवढंच घाला म्हणून कळवलं. मध्ये त्यांनी एकदा बाबांचं त्यांच्याशी नातं कसं ते विचारलं, मी वंशावळ हाताने काढून पाठवली. डिसेंबर २०२४ मध्ये पानावर ती ओळ दिसली. गोवा असं इंग्रजीत लिहिलेलं त्या पानावर बघून मी स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग कळलं की आमच्या ग्रुपवर एवढी माणसं जिवंत आहेत.

क्रांजीला जायचं हे आधी ठरलं नव्हतं. बाबांनी तोवर कधी विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं, विमानकाकांमुळे घरात सगळ्यांना विमानाची धास्ती. जानेवारीत तेच म्हणाले, जाऊया. फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलो, आम्ही दोघंच, चार दिवस. व्हिसा एजंटमार्फत ऑनलाइन, माणशी २,८०० घेतले, चार कामाच्या दिवसांत आला. निघण्याआधी तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. मोपा विमानतळाहून बंगळूर, तिथून सिंगापूर. दोघांचं तिकीट, राहणं, खाणं सगळं धरून एक लाख बारा हजार झाले. जायलाच पाहिजे असं अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते. नाव साइटवरून मिळतं, प्रमाणपत्रासारखा कागदही तिथूनच छापता येतो.

लाल मेट्रोलाइनवर क्रांजी स्टेशन, तिथून पंधरावीस मिनिटं चालत. रस्ता सरळ आहे पण ऊन आपल्यासारखंच, सकाळी लवकर जा, पाणी न्या. आत उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, साडेचार हजारांच्या आसपास थडगी, आणि वर टेकाडावर ते स्मारक. छप्पर विमानाच्या पंखासारखं सपाट आणि मधून शेपटीसारखा उभा सुळका. खालच्या जाड भिंतींवर दोन्ही बाजूंनी नावं, चोवीस हजारांवर. कॉलम नंबर साइटवरून आधीच लिहून नेला होता तरी शोधायला वीस मिनिटं लागली. नाव बाबांच्या खांद्याच्या उंचीवर होतं. बरं झालं, काही नावं इतकी वर आहेत की मान मोडेल.

कागद आणि मऊ पेन्सिल नेली होती. नावावर कागद धरून हलकं घासलं की अक्षरं उमटतात. बाबांनी ते केलं, हात थरथरत होता म्हणून नायकचा शेवट थोडा फिसकटला. मी दुसरा करूया म्हटलं तर नको म्हणाले.

तिथे स्मारकावर एक लेख कोरलाय, त्यात असं आहे की ह्या भिंतींवर ज्यांची नावं आहेत त्यांना, त्यांच्याबरोबर मेलेल्या इतरांना जे रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार मिळाले ते युद्धाच्या नशिबामुळे मिळाले नाहीत. मी बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या भटजींनी सांगितलं तेच." मग त्यांनी खिशातून पुडी काढली, घरून तीळ आणले होते त्यांनी, मला न सांगता, आणि हिरवळीवर चार दाणे टाकले. दगडावर काही ठेवू नये म्हणून. माळी लांबून बघत होता, काही बोलला नाही.

तिथीचं राहिलं. भटजींना मी ११ ऑगस्ट १९४४ सांगितल्यावर त्यांनी जुनं पंचांग मिळवून काढलं, शुक्रवार, श्रावण वद्य अष्टमी. अष्टमी! म्हणजे आदल्या रात्री आमच्या घरी कृष्णजन्म झाला असणार, पोरांनी फोव (पोहे) खाल्ले असणार, आणि सकाळी तिकडे ते विमान. आतेआजीला फोनवर सांगितलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. म्हणाली, फोव खाल्ले की नाही ते आठवत नाही, पण दरवर्षी करायचेच, म्हणजे खाल्लेच असणार. थोड्या वेळाने म्हणाली, गुळाचे.

१६ ऑगस्ट २०२५ ला पहिल्यांदा तिथीवर श्राद्ध केलं. सगळं डिचोली नार्व्याच्या जत्रेच्या गडबडीत आणि आम्ही घरी पिंड करत बसलेलो. ज्यांना विचारायचं असेल त्यांच्यासाठी, पुतण्या करू शकतो, भटजींनी तसं सांगितलं. नाव घेताना त्यांनी सवयीने नाईक म्हटलं, बाबांनी मध्येच थांबवून नायक म्हणायला लावलं. आतेआजी खुर्चीत बसून होती, तिने घरून गुळाचे फोव करून आणले होते, भटजी म्हणाले हे श्राद्धाच्या पानावर चालत नाही, ती म्हणाली मग पानाबाहेर ठेवा. ठेवले.

२०२६ मध्ये अधिक महिना आहे म्हणून अष्टमी उशिरा येते, ४ सप्टेंबरला. नवीन कॅलेंडर घरात आलं त्याच दिवशी बाबांनी ती तारीख उघडून चौकटीत पेन्सिलीने लिहिलं, विमानकाका, आणि खाली बारीक अक्षरात, फिटर.